टायरची जबानी

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्याने शिक्रापूर मागे टाकले आणि अष्टविनायकांपैकी महागणपतीचे रांजणगाव जवळ आले, की ज्या औद्योगिक वसाहतीने शिरूर तालुक्याच्या या एके काळच्या कोरडवाहू मुलुखाचा सारा व्यवहार पालटून टाकला, तिच्या हद्दीत मोटारींचा एक विस्तीर्ण कारखाना आहे. आणि फियाट व टाटा मोटर्स यांच्या समान भागीदारीत त्या वेळी चालणाऱ्या या कारखान्यातून, जी गाडी तिच्या काळी हिंदुस्थानात तयार होणाऱ्या हॅचबॅक गाड्यांत सर्वांत बलाढ्य गणली गेली ती अबार्थ पुंटो बाहेर पडली, ही गोष्ट या तालुक्यातील माणसांच्याही फारशी स्मरणात राहिलेली नाही. २००९ साली ग्रँडे पुंटो या नावाने जी गाडी आपल्याकडे आली, आणि जिच्या बाह्यरूपाशी ज्योर्जेत्तो ज्युजारो या विख्यात इटालियन कलावंताचे नाव निगडित आहे, तिच्याच देहात टर्बोचार्जर लावलेले १३६८ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन बसवून, १४५ अश्वशक्ती व २१२ न्यूटन-मीटर टॉर्क एवढ्या सामर्थ्यानिशी ही अबार्थ २०१५ च्या ऑक्टोबरात विक्रीस आली, तेव्हा दिल्लीच्या शोरूममधील तिची किंमत ९ लाख ९५ हजार रुपये होती. तिच्या अंगावरचा विंचू हे व्हिएन्नात जन्मलेल्या कार्लो अबार्थ यांनी १९४९ साली इटलीत आपली कंपनी काढताना स्वतःच्या वृश्चिक राशीवरून घेतलेले चिन्ह. साध्यासुध्या लहान फियाट गाड्यांना शर्यतीच्या लायक बनविण्यात त्या गृहस्थांनी आयुष्य वेचले, आणि १९७१ साली फियाटने ती कंपनीच आपल्या पदरात घेतली.

माझ्याकडे आहे ती याच वाणाची, दुसऱ्या हाताने घेतलेली गाडी. तिला ट्रॅकवर नेण्यासाठी सिद्ध करणे, म्हणजे तिचे सस्पेन्शन व टायर त्या कामास योग्य अशा रीतीने लावून घेणे, हा माझा कित्येक वर्षांचा व्यासंग आहे. आणि त्यातून माझे एक मत पक्के होत गेले आहे ते असे, की टायर व जमीन यांच्यामधील तळहाताएवढ्या चार स्पर्शस्थानांखेरीज मोटारीला या पृथ्वीवर दुसरा कोणताही आधार नाही, सस्पेन्शन नावाचा सगळा कारभार केवळ त्या चार स्पर्शांच्या सेवेसाठी नेमलेला आहे, आणि म्हणून त्यात फेरफार करू पाहणाऱ्याने आधी टायरची जबानी घ्यावी व मगच पाना हाती धरावा.

शर्यत ही गोष्ट शिरूरला परकी नाही. बैलगाडा शर्यतीचा घाट ज्याने पाहिला नाही असा माणूस या तालुक्यात विरळा; सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी घातलेली बंदी, १६ डिसेंबर २०२१ रोजी त्याच न्यायालयाने दिलेली सशर्त परवानगी, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राच्या दुरुस्ती कायद्यावर केलेले शिक्कामोर्तब, या तारखा इथल्या गावकऱ्यांना सणवारांसारख्या मुखोद्गत आहेत. परंतु घाटातला गाडा सरळ धावतो. तो हलका असावा, त्याची चाके आसावर निर्वेध फिरावीत, बैलांच्या खांद्याला तो जड जाऊ नये, एवढी काळजी घेतली की गाडा करणाऱ्या सुताराचे काम संपते. वळण हा विषयच त्याच्यापुढे उपस्थित होत नाही. मोटारीची कसोटी मात्र वळणात लागते, कारण सरळ रस्त्यावरचा वेग हा इंजिनाचा आणि पैशाचा प्रश्न असून, वळणातला वेग हा समजुतीचा प्रश्न आहे. लोणावळ्यानजीक ॲम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर सरळ रेषेत गाड्या पळविण्याचे कार्यक्रम होतात, त्यांना गर्दीही लोटते. पण माझे मन तिथे रमत नाही.

आता ज्या रस्त्यांवर ही गाडी एरवी चालते त्यांचे वर्णन केल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण कारखान्याने तिला जी घडण दिली ती अशाच रस्त्यांकडे पाहून दिली. शिरूरहून न्हावरे, तिथून भीमा ओलांडून पारगाव, मग केडगावचा चौफुला, आणि तिथे सोलापूर रस्त्याला मिळून पाटसवरून दौंड, हा माझ्या नित्याच्या वहिवाटीचा मार्ग आहे. ही बहुतेक काळी जमीन. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आकसते, आणि तिच्या उरावर टाकलेली सडक, वरचे डांबर कितीही गुळगुळीत असो, दोन-तीन वर्षांत आतून लाटा घेऊ लागते. त्यात न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा या कारखान्यांच्या परिसरात, हंगाम सुरू झाला की उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागत आली आहे. त्यांच्या चाकोऱ्या डांबरात उमटतात, ऊस रस्त्यावर सांडतो, आणि प्रत्येक गावाच्या वेशीवर ग्रामस्थांनी आपापल्या अंदाजाने उभारलेले गतिरोधक, कुणाची अनुज्ञा घेऊन की न घेता हे देव जाणे, वाट अडवून बसलेले असतात. अशा रस्त्यावर साध्या पुंटोपेक्षा खाली बसविलेली, जमिनीपासून केवळ १५५ मिलिमीटर उंचीची ही अबार्थ, पोट न घासता चालविणे हीच मुळी सावधपणाची गोष्ट आहे.

आणि तरीही ज्याला ट्रॅकवर जायचे असते तो पहिली गोष्ट करतो ती ही, की गाडी आणखी खाली बसवितो. दिसायला ती देखणी दिसते यात शंका नाही; पण या जातीच्या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, आणि त्याची भूमिती अशी आहे, की गाडी खाली आणली की खालच्या आर्मचा चाकाकडचा शेवट वर उचलला जाऊन ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जातो. या दोहोंमधले अंतर म्हणजेच गाडीला कलंडविणारी तरफ. ती लांबली, की त्याच स्प्रिंगांवर गाडी पहिल्यापेक्षा जास्त कलते. म्हणजे स्थिरतेसाठी केलेला उपाय अस्थिरतेला निमंत्रण देतो, आणि ते झाकण्यासाठी मग स्प्रिंगा कडक कराव्या लागतात, कडक स्प्रिंगांना आवरण्यासाठी शॉकॲब्सॉर्बर कडक लागतात, आणि अखेरीस चाकाला वरखाली होण्यास जागाच उरली नाही म्हणजे ते रबरी अडणीवर जाऊन आपटते व त्या क्षणी स्प्रिंग असून नसल्यासारखी होते. खड्ड्यावरून उडालेला टायर हवेत असतो, आणि हवेत असलेल्या टायरला पकड कसली? कडकपणा आणि वेग यांचे जे समीकरण लोकांनी मनाशी मांडून ठेवले आहे ते न्हावऱ्याच्या रस्त्यावर तर टिकत नाहीच, पण चांगल्या ट्रॅकच्या कडेला उंचवट्यांवर चाक घालावे लागते तिथेही टिकत नाही.

वळणात गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकते हे सर्वांना ठाऊक असते. ते किती सरकावे हे मात्र गाडीचे वजन, वळणाचा वेग, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर यांवर अवलंबून असते, आणि स्प्रिंगांचा त्या एकूण बेरजेशी जवळपास काहीच संबंध नसतो, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानी येते. स्प्रिंगा व अँटी-रोल बार यांच्या अखत्यारीत आहे ती फक्त त्या सरकलेल्या वजनाची पुढच्या व मागच्या चाकांमधली वाटणी. जो भाग अधिक कडक, त्याच्या बाहेरच्या चाकावर अधिक भार. आता मजुराच्या डोक्यावर दुप्पट ओझे दिले म्हणून तो दुप्पट काम करीत नाही, तसाच टायर आहे: भार वाढतो तशी त्याची पकड वाढते खरी, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही, आणि एका चाकावरून काढलेला भार दुसऱ्यावर टाकला तर दोघांची मिळून पकड पहिल्यापेक्षा कमीच भरते. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी, इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, वजनाचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा पुढे अशी ही गाडी. तिच्या पुढच्या बाहेरच्या टायरवर आधीच सारी जबाबदारी लोटलेली आहे, तोच वळवितो, तोच ओढतो, ब्रेकचा बराचसा ताणही तोच सोसतो. अशा स्थितीत पुढची बाजू आणखी कडक करणे म्हणजे आधीच थकलेल्याला आणखी दमविणे होय, आणि म्हणूनच वेगात वळताना नाक बाहेर सरकत जाण्याचा या गाड्यांचा जो उपजत दोष, तो कडक स्प्रिंगांनी कमी होण्याऐवजी पुष्कळदा वाढतो.

उपाय शास्त्रात आहे: मागची बाजू कडक करा, म्हणजे वाटणी मागे झुकेल, पुढचा टायर मोकळा होईल आणि गाडी वळणात नाक घालील. मागे टॉर्शन बीम असलेल्या या गाडीत तसा बार बसविता येतो, आणि ट्रॅकवर मागचे आतले चाक जमीन सोडून उचलले गेले तरी तिथे त्याचे भय नाही. पण माझे स्वतःचे मत इथे शास्त्राच्या सोयीविरुद्ध आहे आणि ते मी आग्रहाने मांडतो. ज्या गाडीतून आपली माणसे दौंडच्या स्टेशनावर पहाटेच्या गाडीला पोचवायची, त्या गाडीची मागची बाजू इतकी चपळ करू नये, की पावसाळी रात्री भीमेच्या पुलाच्या अलीकडच्या वळणावर कुणी दचकून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि मागची चाके सुटली. ट्रॅकवर कडेला मोकळी जागा ठेवलेली असते. इथे कडेला विहीर असते, ऊस असतो, माणूस असतो.

तेव्हा उरते ते टायरचेच काम, आणि ते पुरे आहे.

दौंडला एका गल्लीत, रेल्वेच्या वस्तीत लहानाचे मोठे झालेले एक मिस्त्री आहेत, ज्यांच्याकडे संगणकाचे अलाइनमेंट यंत्र नाही आणि ज्यांनी लावलेली चाके मी नंतर तशा यंत्रावर तपासून घेतली तेव्हा त्यांच्या मापात काढण्याजोगी चूक निघाली नाही. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. काँक्रीटच्या जमिनीची पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून आधी तपासायची; कमी पडेल त्या चाकाखाली पत्र्याचे तुकडे सरकवायचे; मग गाडीच्या दोन्ही अंगांना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, एकमेकींना समांतर अशा दोन दोऱ्या ताणायच्या आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने मोजायचे; या दोन अंतरांतील फरक म्हणजे टो. कॅम्बरसाठी गवंड्याचा ओळंबा. चाकाशेजारी तो सोडला, डुलायचा थांबला, की रिमची वरची कड त्या सुतापासून किती आणि खालची किती हे पाहायचे. सोळा इंची रिमवर सात-साडेसात मिलिमीटरांचा फरक म्हणजे सुमारे एक अंश. हे सर्व चालू असताना मिस्त्री बोलत नाहीत. पण माझ्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर उताणा हात फिरवून, रबराचे बारीक दाते कोणत्या दिशेला बोचतात ते पाहून, त्यांनी जे सांगितले ते मी तसेच टिपून ठेवले आहे: “साहेब, स्प्रिंग कडक केली म्हंजी गाडी चिकटती असं न्हाई. टायर कुठं खातोय ते आधी बघा. भाईरनं खातोय. त्याला उभा न्हाई, वाईच आत कलता ठिवायला पायजे.”

ते खरे होते. वळणात गाडी बाहेर कलते तेव्हा मॅकफर्सन स्ट्रटवरचे चाकही तिच्यासोबत बाहेर कलते, आणि सरळ उभे लावलेले चाक ऐन गरजेच्या क्षणी आपल्या बाहेरच्या खांद्यावर तेवढे उभे राहते. मधला व आतला तळवा जमीन जवळजवळ सोडून देतो. म्हणून चाकाचा माथा आधीच आत झुकता ठेवायचा, हा उणा कॅम्बर. निव्वळ ट्रॅकची गाडी असेल तर उणे अडीच-तीन अंशांपर्यंत लोक जातात. एवढा झुकाव रस्त्यावर टायर आतून खातो अशी समजूत आहे, आणि ती अर्धीच खरी आहे. चाके पुढे एकमेकांपासून फाकवून लावली, म्हणजे टो बाहेर ठेवला, तर जी झीज होते तिच्यापुढे निव्वळ कॅम्बरची झीज सौम्य असते. वळणात नाक चटकन घालण्यासाठी टो किंचित बाहेर ठेवणारे ठेवोत. शिरूर ते दौंड रोज जाणाऱ्याने तो शून्य ठेवावा.

ट्रॅक म्हणजे आपल्याला दूरचा प्रवास. मावळात नाणोलीला आता एक ट्रॅक झाला आहे हे खरे, आणि जिल्ह्याच्या दृष्टीने ती आनंदाची गोष्ट आहे. पण वेगवान, लांब वळणांवर गाडी जोखायची तर अजूनही दक्षिणेस जावे लागते, कोइमतूरजवळ चेट्टीपाळयमला, जिथे एस. करिवर्धन यांच्या नावाने उभारलेला २.१ किलोमीटरचा ट्रॅक आहे, किंवा मद्रासच्या अलीकडे श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे, जिथला ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे. ट्रॅक डे ही शर्यत नव्हे. शुल्क भरावे, हेल्मेट घालावे, गाडी तपासून घ्यावी आणि वीसेक मिनिटांच्या पाळीत, कुणाशी स्पर्धा न करता, आपली गाडी आपल्या मर्यादेपर्यंत न्यावी असा तो रिवाज आहे. ब्रेकचे तेल निघण्यापूर्वी नवे भरावे, कारण जुन्याने हवेतली ओल शोषलेली असते आणि ते ऐन ब्रेकच्या उष्णतेत उकळते. एवढे त्याविषयी पुरे.

हवेचा हिशेब मात्र तपशिलाने सांगण्याजोगा आहे. सकाळी थंड टायरात तीस पौंड हवा भरली आणि दोन-चार फेऱ्यांत आतील हवा तीस अंशांवरून सत्तर अंशांवर गेली, तर वायूच्या साध्या नियमानेच ती तीस छत्तीसच्या घरात पोचते. चालविणाऱ्याने कशालाही हात लावलेला नसतो, पण टायर बदललेला असतो, मध्यावर फुगलेला, खांदे आखडलेला. म्हणून ट्रॅकवर थंड माप निरर्थक. पाळी संपवून आत येताच, गाडी थंड होण्यापूर्वी, गेज लावायचा आणि गरम माप चारही चाकांना हवे तेवढे येईपर्यंत हवा सोडायची. त्याच वेळी सुईचा तापमापक टायरच्या आतल्या, मधल्या व बाहेरच्या पट्ट्यात खुपसून तीन आकडे घ्यायचे. मधला सर्वांत गरम असेल तर हवा जास्त आहे. बाहेरचा गरम असेल तर कॅम्बर अपुरा आहे. आतला बाहेरच्याहून थोडा गरम असेल तर लावणी योग्य मार्गावर आहे. तापमापक नसेल त्याने खडूची पांढरी रेघ ट्रेडवरून खांद्यापर्यंत ओढावी. पाळीनंतर ती कुठवर पुसली गेली हे पाहिले की टायर कुठवर लोळला ते कळते. हे सारे त्याच क्षणी, ऊन, गोंगाट, घाम यांची पर्वा न करता वहीत उतरवायचे: हवा, तापमान, कोणती पाळी, आणि एका वेळी केलेला एकच बदल. ज्याने दोन बदल एकदम केले त्याला टायरची जबानी ऐकून घेण्याचा अधिकार उरत नाही. आणि संध्याकाळी परतीच्या वाटेला लागण्यापूर्वी ती सोडलेली हवा पुन्हा भरायची, कारण थंड झालेला टायर आता पंचवीसच्याही खाली उतरलेला असतो आणि पुढे लांबचा, भरल्या गाडीचा, रात्रीचा रस्ता असतो. ही गोष्ट क्षुल्लक नाही. दिवसभर सुरक्षित राहिलेली गाडी रात्री महामार्गावर टायर फुटून गेल्याच्या कथा कुणालाही सांगता येतील.

कायद्याचेही एक कलम ध्यानी ठेवलेले बरे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मज्जाव करते, आणि वेगाच्या कसोटीत झालेली हानी विमा उतरविणाऱ्यांच्या अटींत बहुधा बसत नाही. मला हे बंधन जाचक वाटत नाही. कारखान्याने ठरविलेल्या मापामागे ज्या माणसांचे श्रम आहेत, त्यांनी हा मुलूख, त्याची काळी जमीन, त्याचे गतिरोधक, त्याच्या ओझ्याने वाकलेल्या ट्रॉल्या पाहिल्या होत्या. पुंटोचे उत्पादन आता थांबले आहे. त्यामुळे त्या मापाचा मान ठेवून चालणाऱ्यालाच तिचे सुटे भाग पुढे पुरणार आहेत.

म्हणून माझ्या गाडीची उंची कारखान्याची आहे तीच राहिली आहे. शॉकॲब्सॉर्बर मूळ जातीचेच पण चारही नवे, कारण झिजलेल्या शॉकॲब्सॉर्बरावर कॅम्बरची चर्चा करणे व्यर्थ. टायर १९५/५५ मापाचे, रबर थोडे मऊ. पुढचा कॅम्बर उणे दीड अंश, टो शून्य. मागच्या चाकांना टॉर्शन बीममुळे एरवी काही लावता येत नाही, परंतु हबच्या मागे पातळ शिम घालून त्यांचा टो किंचित सुधारता येईल असे मिस्त्रींचे म्हणणे आहे, आणि मला ते पटते; मात्र त्यापूर्वी मागच्या दोन्ही टायरांची आतली व बाहेरची खोली दर महिन्याला मोजून वहीत मांडायची आहे, म्हणजे शिम घातल्यावर तुलनेला मूळ आकडे हाताशी राहतील. दसऱ्याच्या आत, उसाच्या ट्रॉल्या न्हावऱ्याच्या रस्त्यावर येण्यापूर्वी, ते काम उरकावयाचे आहे.